'फ्लाइंग स्क्वॉड'ला मराठीत काय म्हणायचं? भरारी पथक, शीघ्र कृती दल की आणखी काही?

पानगळ

नमस्कार मंडळी,

एका ब्रिटिश गुन्हेकथेचं भाषांतर करतेय. १९२०च्या दशकातलं लंडन, दागिन्यांच्या दुकानावर दरोडा, चोर गाडीत बसून निसटणार एवढ्यात 'फ्लाइंग स्क्वॉड' येऊन ठेपतो. मी बिनधास्त लिहिलं, 'तेवढ्यात भरारी पथक आलं.' संपादकांनी समासात लाल पेनने शेरा मारला: 'दुकानात कॉपी चालली होती का?'

हसले, पण मग अडकले. 'शीघ्र कृती दल' लिहिलं तर डोळ्यांसमोर निळ्या गणवेशातले, ढाली घेतलेले जवान येतात. 'गस्ती पथक' फारच मिळमिळीत. 'फिरतं पथक' म्हणजे लसीकरणाला आलेले वाटतात. शब्दकोशात 'फ्लाइंग स्क्वॉड = भरारी पथक' एवढंच आहे आणि तिथे कोशाची जबाबदारी संपते.

तर प्रश्न दोन. झटपट धावून जाणाऱ्या पोलीस तुकडीला मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि मुळात हा 'उडता' शब्द आला कुठून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अमुकतमुक

हसून हसून पुरेवाट. संपादकांना दंडवत सांगा.

धाग्याला शुभेच्छा. शंभरी गाठणार हा. मी कोपऱ्यात बसून वाचतो.

खडूफळा

पानगळताई, संपादक चुकलेले नाहीत. मी बोर्डाच्या परीक्षेला बरीच वर्षं केंद्रावर काम केलंय. मराठी माणसाच्या कानाला 'भरारी पथक' म्हणजे फेब्रुवारी-मार्च.

तो प्रसंग एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज. शिपाई धावत नाही, कारण धावला तर संशय येईल. तो भराभरा चालतो. वर्गाच्या दाराशी येऊन नुसता खाकरतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात खिडकीबाहेर पांढरा पाऊस. पथक वर्गात शिरतं तेव्हा पस्तीस मुलं इतकी सज्जन दिसतात की आपल्यालाच आपली लाज वाटावी. मागच्या भिंतीलगतच्या गवतात नंतर इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं सापडतं.

मुद्दा हा की मराठीत भरारी पथक गुन्हा रोखायला धावत येत नाही, ते न सांगता तपासायला येतं. राज्य उत्पादन शुल्कवाल्यांची भरारी पथकं बेकायदा दारूवर जातात, कृषी खात्याची बोगस बियाणं आणि खतांच्या गोदामांवर, रेल्वेत तिकीट तपासनीसांची. निवडणुकीत तर जोडीच असते: 'भरारी पथक' फिरतं आणि 'स्थिर सर्वेक्षण पथक' नाक्यावर बसतं. सगळीकडे अर्थ तोच, अवचित तपासणी.

अमुकतमुक

'स्थिर पथक' हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा मानाचा मुजरा. इतका प्रामाणिकपणा सरकारी नावात विरळा.

दुर्बीण

उगमाबद्दल लिहितो, कारण या विषयाचं मला थोडं वेड आहे.

पहिलं महायुद्ध संपलं, लष्करातून सुटलेली माणसं परतली, मोटारी स्वस्त आणि मुबलक झाल्या. लंडनमध्ये चोऱ्या-दरोडे वाढले. पोलिसांची पंचाईत अशी की शहर विभागांत वाटलेलं. एका विभागाचा डिटेक्टिव्ह आपल्या हद्दीपुरता राजा. चोराने पूल ओलांडला की तो पलीकडच्या विभागाचा चोर. आपल्याकडे 'ही आमची हद्द नाही' ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर १९१९मध्ये फ्रेडरिक वेन्स्ली या नामांकित अधिकाऱ्याने बारा डिटेक्टिव्ह निवडून एक प्रयोग केला. नाव अगदीच रुक्ष, 'मोबाइल पेट्रोल एक्सपेरिमेंट'. आणि या जगप्रसिद्ध वेगवान पथकाचं पहिलं वाहन होतं घोडागाडी! कनाती छताची मालवाहू गाडी, कापडाला टेहळणीसाठी भोकं पाडलेली, आत साध्या कपड्यांतले पोलीस दाटीवाटीने बसलेले. पुढच्याच वर्षी दोन मोटारगाड्या मिळाल्या, क्रॉसली टेंडर. नंतर त्यांच्यावर बिनतारी यंत्र बसवलं, तेव्हा छतावरची एरियल एवढी अवजड की लोक तिला 'पलंग' म्हणायचे.

त्यांना मिळालेली खरी देणगी मात्र मोटार नव्हती. लंडनभर कुठल्याही विभागात, तिथल्या साहेबाला न विचारता शिरायची मुभा, ही ती देणगी. हे पाहून १९२०मध्ये 'डेली मेल'च्या एका बातमीदाराने त्यांना 'फ्लाइंग स्क्वॉड' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते आजतागायत. म्हणजे हे नाव पोलिसांनी ठेवलेलंच नाही, वर्तमानपत्राने ठेवलं.

कोरडा_पाऊस

मी तर ऐकलं होतं की त्या गाड्या विमानदलाच्या होत्या, म्हणून 'फ्लाइंग'. रॉयल फ्लाइंग कोअर वगैरे.

दुर्बीण

क्रॉसली टेंडर युद्धात रॉयल फ्लाइंग कोअरकडे मोठ्या संख्येने होते हे खरं. त्यामुळे ती गोष्ट सांगायला छान वाटते. पण इंग्रजीत 'फ्लाइंग' म्हणजे 'एका जागी न बांधलेलं, लागेल तिथे हलवता येणारं' हा अर्थ विमानाच्या कितीतरी आधीचा आहे. लष्करात 'फ्लाइंग कॉलम' असायचा, मुख्य फौजेपासून सुटी, हलकी, वेगाने जाणारी तुकडी. १८५७च्या धामधुमीत कंपनीच्या फौजेचे असे कॉलम आपल्याकडे फिरलेत.

त्याहून गंमत: १६५५मध्ये पोप निवडताना कार्डिनलांचा एक गट होता, ना स्पेनच्या दावणीला बांधलेला ना फ्रान्सच्या. त्याला नाव पडलं 'स्क्वाद्रोने व्होलांते', शब्दशः उडतं पथक. म्हणजे पहिलं गाजलेलं फ्लाइंग स्क्वॉड झगे घालून मतदान करत होतं.

'स्क्वॉड' हा शब्द इटालियन 'स्क्वाद्रा'कडून आलेला, मुळाशी चौकोन. चौकोनात उभी राहणारी शिपायांची तुकडी. उडता चौकोन म्हणा हवं तर.

अमुकतमुक

पानगळताई, 'तेवढ्यात उडता चौकोन आला.' संपादकांना दाखवा आणि काय होतं ते कळवा.

सांडणीस्वार

आता आपल्या बाजूने.

हिंदीत 'उड़न दस्ता'. दस्ता मूळ फारसी 'दस्त' म्हणजे हात, मूठभर माणसं ती दस्ता. मराठीत दस्ता म्हटलं की चोवीस कागद, नाहीतर खलबत्त्याचा दांडा, म्हणून तो आपल्याकडे चालला नाही. तमिळमध्ये 'परक्कुम् पडै', उडती सेना, निवडणुकीच्या बातम्यांत हमखास दिसतं. तिघांनीही इंग्रजी 'फ्लाइंग' उचललं, पण हिंदी-तमिळने सरळ 'उडणं' घेतलं आणि मराठीने 'भरारी'. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याला भाषेचा कान होता. 'उडतं पथक' म्हटलं असतं तर उडत्या बातमीसारखं बेभरवशाचं वाटलं असतं.

तरी माझी एक तक्रार आहेच. भरारी वर जाते. पक्षी भरारी घेतो तो आकाशाकडे. भक्ष्यावर येतो तेव्हा तो झडप घालतो किंवा झेप घेतो. पोलिसांचं काम झडपेचं. लंडनच्या त्या पथकाचं बोधचिन्ह म्हणजे झेपावणारा गरुड, पंजे पुढे काढून खाली येणारा. चिन्ह काढणाऱ्याला जे कळलं ते आपल्या भाषांतरकाराच्या नजरेतून निसटलं.

'पथक' मात्र अस्सल. मराठी फौजेत शिलेदारांची पथकं असत, स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं. सरकारी घोड्यावरचे बारगीर ते पागेचे. रात्रीच्या फिरत्या पहाऱ्याला 'छबिना' म्हणत. आज छबिना म्हटलं की देवाची पालखीच आठवते, पण शब्द पहाऱ्यातला आहे. अचानक जाऊन पडणं म्हणजे 'छापा'. लाल महालात १६६३मध्ये शाइस्ताखानावर घातला तो छापा. आता तो आयकरवाले घालतात. मदतीला धावून येणारी ताज्या दमाची फौज म्हणजे 'कुमक'. बातम्यांत 'जादा कुमक मागवली' अजून वाचायला मिळतं, आणि मला वाटतं हा एकच जुना शब्द पोलिसांत अद्याप धडधाकट आहे.

खडूफळा

झडप पथक! कॉपीवाल्यांना तर हेच नाव जास्त शोभेल. सांडणीस्वार, पूर्ण सहमत.

वायरलेसवाला

मी पोलीस खात्यातून निवृत्त. कंट्रोल रूमला बरीच वर्षं काढली, त्याआधी मुख्यालयात होतो. इथे सगळे शब्दावर बोलतायत म्हणून खात्यात काय बोलतात ते सांगतो.

'शीघ्र कृती दल' हे पेपरात. आम्ही म्हणायचो 'क्यूआरटी', क्विक रिस्पॉन्स टीम. दंगलीचं पथक म्हणजे 'आरसीपी'. त्याचं मराठी पत्रव्यवहारात 'दंगल काबू पथक', बातमीत 'दंगल नियंत्रण पथक', बोलताना कुणीच नाही. राज्य राखीव दलाचे लोक म्हणजे 'एसआरपी', १९४८पासूनचं दल आहे, अजून लोक एसआरपीच म्हणतात. आणि बंदोबस्ताला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे 'स्ट्रायकिंग'. पूर्ण शब्द स्ट्रायकिंग फोर्स. 'आज कुठे?' 'स्ट्रायकिंगला.' एवढंच.

स्ट्रायकिंग म्हणजे काय ते ऐका. नावात मारामारी आहे, कामात बसणं आहे. मिरवणुकीच्या मार्गापासून जरा आतल्या गल्लीत गाडी उभी करायची. खिडक्यांना जाळ्या. आत दोन बाकांवर समोरासमोर माणसं, गुडघ्याला गुडघा. हेल्मेट मांडीवर, लाठी दोन पायांच्या मध्ये उभी, ढाली दाराशी रचलेल्या, कारण उतरताना पहिल्या माणसाच्या हाती ढाल आली पाहिजे. ड्रायव्हरने जागा सोडायची नाही. गाडीचं तोंड निघायच्या दिशेने पाहिजे. ही गोष्ट नवीन ड्रायव्हर विसरतो आणि जन्मभर लक्षात राहील अशी बोलणी खातो. वायरलेसवर सगळ्या शहराचं चाललेलं असतं आणि तुम्ही फक्त तुमच्या गाडीच्या नावाची वाट बघता. सहा तास, आठ तास. बहुतेक वेळा नाव येतच नाही. आलं की मात्र दोन मिनिटांत खाली.

तर ताई, 'शीघ्र' हे धावण्यात नसतं हो. तयार बसण्यात असतं. आठ तास जो नीट बसला तोच दोन मिनिटांत उतरतो.

पानगळ

काका, हे वाचून मी पूर्ण प्रकरण पुन्हा लिहायला घेतेय. गाडीचं तोंड निघायच्या दिशेने, हे मी चोरते.

वायरलेसवाला

घ्या की. फिर्याद देणार नाही.

मृगजळ

थोडा कायदा-कानून घालते, म्हणजे गुंता सुटेल. या धाग्यात किमान चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात.

लंडनचं फ्लाइंग स्क्वॉड हे तपास करणारं पथक आहे. साध्या कपड्यांतले डिटेक्टिव्ह, सशस्त्र दरोड्यांवर पाळत ठेवणारे. आपल्याकडची सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे गुन्हे शाखेची पथकं, जिल्ह्यात एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा.

दुसरा प्रकार, हाकेला धावणारे. दक्षिण आफ्रिकेत नेमक्या याच नावाचं, 'फ्लाइंग स्क्वॉड'च, पोलीस पथक आहे, पण त्याचं काम वेगळं: १०१११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन आला की पोचायचं. म्हणजे एकच इंग्रजी नाव, लंडनमध्ये दरोड्यांचा तपास आणि जोहान्सबर्गमध्ये आपल्या ११२च्या गाडीसारखं काम.

तिसरा, जमाव पांगवणारे. केंद्राचं रॅपिड ॲक्शन फोर्स १९९२मध्ये कामाला लागलं, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचाच भाग. निळ्या छटांचा गणवेश. मराठी बातम्यांत त्याला कधी शीघ्र कृती दल, कधी जलद कृती दल, तर कधी हिंदीच्या वळणाने द्रुत कृती दल म्हणतात.

चौथा, शस्त्रधारी कमांडो. केंद्राचं एनएसजी (नॅशनल सिक्युरिटी गार्ड), मुंबईचं फोर्स वन, गडचिरोलीचं सी-६०. हे ना तपास करत, ना जमाव पांगवत.

पंचाईत ही की मराठीत तिसऱ्या आणि चौथ्या दोघांना 'शीघ्र कृती दल' म्हणतात. मथळ्यात 'शीघ्र कृती दल दाखल' वाचलं तर लाठ्या घेऊन आलेत की रायफली, हे कळायला सगळी बातमी वाचावी लागते.

सांडणीस्वार

सी-६०चं नाव मला आवडतं. १९९०मध्ये साठ जणांची तुकडी उभी केली म्हणून साठ. पुढे संख्या कितीतरी वाढली तरी नाव तेच. आणि त्यातली माणसं गडचिरोलीतलीच, जंगलाची वाट आणि गोंडी-माडिया बोली जाणणारी. वेग तिथून येतो.

कोरडा_पाऊस

शीघ्र, जलद, द्रुत, रॅपिड, क्विक. नावांचा सुकाळ आहे. वेगाचं काय?

२६ नोव्हेंबर २००८. हल्ला रात्री सुरू झाला. एनएसजी दिल्लीजवळ मानेसरला, त्यांना आणणारं मोठं विमान चंदीगडला. कमांडो मुंबईत उतरून प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत दुसरी सकाळ उजाडली. कमांडोंच्या शौर्याबद्दल शंका नाही, पण आदेश, विमान आणि बसगाड्या यांची जी साखळी होती ती शीघ्र नव्हती. म्हणून तर २००९मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याला एनएसजीची केंद्रं काढली आणि महाराष्ट्राने त्याच नोव्हेंबरात फोर्स वन उभं केलं.

आणि त्या रात्री जिवंत अतिरेकी पकडला कुणी? गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभ्या असलेल्या पोलीस ठाण्याच्या माणसांनी. तुकाराम ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. ना शीघ्र, ना रॅपिड. ते आधीच तिथे होते, एवढंच.

अमेरिकेतही हीच कथा. १९९९ला कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हाचा नियम असा की साध्या पोलिसांनी वेढा घालायचा आणि 'स्वाट' या खास शस्त्रधारी पथकाची वाट बघायची. वाट बघण्यात वेळ गेला, आत जखमी शिक्षक रक्तस्रावाने गेले. त्यानंतर शिकवण उलटी झाली: जो पहिला पोचेल त्याने आत जायचं, विशेष पथकाची वाट पाहायची नाही. इतकं होऊनही २०२२मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डीला शाळेत ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. बाकी सगळं हजर होतं, 'आत चला' म्हणणारा नव्हता.

म्हणून या नावांवर माझा फारसा विश्वास नाही. नावात वेग लिहावा लागतो तिथे समजावं.

वायरलेसवाला

पाऊससाहेब, कडू आहे पण खोटं नाही. एवढंच म्हणेन की कंट्रोलला बसलेल्या माणसाला 'थांबा' म्हणणं फार सोपं असतं. 'जा' म्हटल्यावर काही झालं तर नोंदीत त्याचं नाव येतं.

दुर्बीण

यावरून फ्रान्स आठवला. १९०७मध्ये तिथले पंतप्रधान क्लेमांसो यांनी देशभर बारा फिरत्या पोलीस ब्रिगेड काढल्या. क्लेमांसोला लोक 'वाघ' म्हणत, म्हणून त्या झाल्या वाघाच्या ब्रिगेड. नाव झकास. पण १९११च्या डिसेंबरात बोनो टोळीने पॅरिसमध्ये भर सकाळी बँकेच्या माणसाला गोळ्या घालून लुटलं आणि चोरलेल्या मोटारीतून पसार झाली. पोलीस बरेचसे पायी, नाहीतर सायकल-घोड्यावर. चोर एक पिढी पुढे. पोलिसांच्या मोटारी, बिनतारी, ९९९ क्रमांक (लंडन, १९३७), प्रत्येक गोष्ट आधी कुणीतरी हातून निसटल्यावर किंवा मेल्यावर आलेली आहे.

जाता जाता, कोरडा_पाऊस यांनी स्वाटचा उल्लेख केला. लॉस एंजेलिसचे पोलीस अधिकारी डॅरिल गेट्स यांना आधी नाव हवं होतं 'स्पेशल वेपन्स अटॅक टीम'. वरिष्ठ म्हणाले, पोलिसांच्या नावात 'अटॅक' चालणार नाही. मग आद्याक्षरं तीच ठेवून 'स्पेशल वेपन्स अँड टॅक्टिक्स' केलं. आधी आद्याक्षरं, मग अर्थ, ही सरकारी रीत तिथेही आहे.

मृगजळ

नावांवरून: जर्मनीचं जीएसजी ९ बघा. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हल्ल्यानंतर उभं केलेलं, १९७७मध्ये मोगादिशूला अपहृत विमानात शिरून काही मिनिटांत सगळ्या ओलिसांना सोडवणारं. आणि नावाचा अर्थ? 'सीमा संरक्षण गट ९'. आधीचे आठ होते, हा नववा. ना शीघ्र, ना भरारी, ना वाघ. उलट रशियाच्या 'सोबर'च्या नावातच 'शीघ्र प्रतिसादाची विशेष तुकडी' असं सगळं कोंबलेलं. स्वीडनचं 'पिकेतेन' मूळ फ्रेंच 'पिके'वरून, म्हणजे खुंट. खोगीर घालून तयार घोडे खुंटाला बांधून ठेवायचे, त्यावरून तयारीतली तुकडी ती पिकेट. आपल्याकडचं 'पोलीस पिकेट' याच घरातलं.

वायरलेसवाले काकांची जाळीची गाडी आणि हा खुंटाला बांधलेला घोडा, दोन्हींत फरक काय?

वायरलेसवाला

घोड्याला हरभरे मिळायचे.

अमुकतमुक

😂 धागा वसूल.

कोरडा_पाऊस

आणखी एक कोपरा राहिला. हद्द नाही, गणवेश नाही, विचारणारं कुणी नाही, अशा पथकांना वाळवीही लवकर लागते. लंडनच्या याच फ्लाइंग स्क्वॉडचे प्रमुख केनेथ ड्रुरी यांना भ्रष्टाचारासाठी १९७७मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली. बांगलादेशचं रॅपिड ॲक्शन बटालियन २००४मध्ये निघालं, २०२१मध्ये अमेरिकेने मानवाधिकारांच्या कारणावरून त्यावर निर्बंध घातले. 'हद्द नसणं' हे दुर्बीण यांनी वर देणगी म्हणून सांगितलं. ती दुधारी आहे.

दुर्बीण

मान्य. तोल साधावा म्हणून नव्हे, पण त्यांच्या चांगल्या दिवसाचंही एक सांगतो. नोव्हेंबर २०००, लंडनचा मिलेनियम डोम. आत २०३ कॅरटचा हिरा प्रदर्शनात. टोळी जेसीबी घेऊन भिंतीतून शिरली, नदीवर पळायला स्पीडबोट तयार. फ्लाइंग स्क्वॉडला महिनोन्महिने सुगावा होता. खरे हिरे काढून नकली ठेवलेले, आणि आजूबाजूला झाडू मारणारे सफाई कामगार म्हणजे पोलीस, कचऱ्याच्या पिशव्यांत बंदुका. चोर काचेवर घण घालत असतानाच पकडले.

वायरलेसवाले काकांचंच म्हणणं. उडालं कुणीच नाही. सगळे आधीपासून येऊन बसले होते.

पानगळ

मंडळी, आभार कसे मानू. वाचनखूण साठवली आहे, तुम्हीही साठवा.

माझं ठरलं ते सांगते. निवेदनात 'फ्लाइंग स्क्वॉड' देवनागरीत तसंच ठेवणार, कारण ते विशेषनाम आहे. स्कॉटलंड यार्डचं आपण कुठे 'स्कॉटलंडचं अंगण' करतो. जिथे सामान्य नाम म्हणून तुकडी येते तिथे 'पथक' पुरे. आणि मदत मागवली जाते तिथे 'कुमक', सांडणीस्वारांच्या कृपेने. 'भरारी' एकदाच वापरलंय, एका म्हाताऱ्या हवालदाराच्या तोंडी, तो नव्या पथकाची टर उडवतो: 'भरारी घेतात म्हणे. घोडागाडीतून.' संपादकांनी या वाक्याखाली लाल नाही, निळी रेघ मारली.

पण पुढच्या पानावर नवं संकट. लंडनचे चोर या पथकाला 'द स्वीनी' म्हणतात. स्वीनी टॉड हा दंतकथेतला खुनी न्हावी, 'टॉड'चं 'स्क्वॉड'शी यमक, आणि मग यमकाचा शब्दच गाळून नुसतं 'स्वीनी'. हे मराठीत कसं आणू?

सांडणीस्वार

म्हणजे जोडशब्दाच्या शेवटाशी यमक जुळवायचं आणि तोच शेवट टाकून द्यायचा. 'भरारी'ला 'तुतारी' जुळते.

खडूफळा

तुतारी नको. धागा राजकारणात जाईल आणि संपादक मंडळ कुलूप घालेल.

अमुकतमुक

'पथक'ला 'कथक'. जोडी घ्या 'नाच-कथक'. आता कथक टाका.

'नाच आला रे, पळा!'

पानगळ

अमुकतमुक, तुमचं नाव ऋणनिर्देशात घालू का?

अमुकतमुक

घाला की. फक्त खरं नाव नको, घरी वाटतं मी ऑफिसचं काम करतोय.